दोन घरांच्या मधला पाइप गळतोय: दुरुस्ती कोणी करायची, कशी करायची

आमची आणि शेजारच्या आबांची भिंत एकच आहे. अमळनेरच्या जुन्या गल्ल्यांत हे घरोघरी दिसतं. मूळचा वाडा एक, पुढे त्याचे दोन भाग झाले, मध्ये भिंत उभी राहिली, पण जमिनीखालची नळाची लाइन तीच राहिली. एका उन्हाळ्यात त्या भिंतीला खालून हातभर ओल चढली. चुना फुगला, पापुद्रे सुटायला लागले, कोपऱ्यात हात लावला की बोटांना गार चिखल लागायचा. मी म्हणायचो, आबांची मोरी पाझरते. आबा म्हणायचे, तुमचा हौद फुटलाय. असे तीन महिने गेले. बोलणं तुटलं नाही, पण संध्याकाळी ओट्यावर येऊन बसणाऱ्या वहिनी येईनाशा झाल्या.

शेवटी आबाच एक दिवस म्हणाले, "पानी वाया जाई राह्यनं भो, तुन्हं-मन्हं मंग देखूत." (पाणी वाया जातंय, तुझं-माझं मग बघू.) फरशी उचलली. वीतभर खाली लोखंडी पाइपाचा एल्बो, म्हणजे वळणावरचा जोड होता, खालच्या अंगाने गंजून चिरलेला, आणि त्या चिरेतून सुईएवढी धार सुटलेली. वरून काहीच दिसत नव्हतं, सगळं पाणी खाली मातीत आणि तिथून भिंतीत. तो एल्बो दोन्ही घरांना पाणी वाटणाऱ्या फाट्याच्या आधी होता. म्हणजे दुरुस्ती दोघांची होती, आणि तीन महिने आम्ही दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होतो.

तेव्हापासून गल्लीत, नातेवाइकांत कुणाकडे असं काही निघालं की मी पहिल्यांदा एकच विचारतो: गळती नेमकी कुठे आहे? कोणाची, हे नंतर. जागा सापडली की निम्म्याहून जास्त भांडण तिथेच मिटतं.

जागा शोधायची कशी

खान्देशातल्या बहुतेक गावांत नळ रोज येत नाही. कुठे दोन-तीन दिवसांनी येतो, कुठे त्याहून उशिरा. शोधायच्या कामात याचाच उपयोग होतो. ओलीचा रोजचा हिशोब ठेवा. भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली आहे तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. नळाच्या दिवशी ओल गडद होते आणि पुढच्या दोन दिवसांत फिकी पडते, असं दिसलं तर पाणी नळाच्या लाइनमधून येतंय. नळाशी काही संबंध नसेल, रोज सकाळी आंघोळी झाल्यावर ओल वाढत असेल, तर मोरी किंवा सांडपाण्याचा पाइप बघा. दिवसरात्र सारखीच राहत असेल तर गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा पाइप किंवा हौद. फक्त पावसाळ्यात येत असेल तर पाइपाचा विषयच नाही, धाब्याच्या छपरावरची माती, गच्ची किंवा पन्हाळ तपासायला हवी.

हौदावर संशय असेल तर रात्री तो भरा, पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा आणि सकाळपर्यंत थेंबभरही काढू नका. वैशाखात आमच्याकडे उघड्या हौदातलं पाणी नुसत्या उन्हानेही उतरतं, त्यामुळे दिवसा तपासणी करायची असेल तर शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. बादली आणि हौद सारखेच उतरले तर हौद शाबूत आहे. मोरीसाठी जाळीच्या भोकात कापडाचा बोळा घट्ट बसवून दोन इंच पाणी साठवा आणि चार-पाच तास पातळी बघा.

नळाच्या लाइनचा संशय पक्का झाला की दोन्ही घरांनी मिळून एक तपासणी करायची. हे एकट्याने होत नाही, म्हणून शेजाऱ्याला आधी सांगा. नळाच्या दिवशी पाणी सुरू झालं की दोघांनी आपापले सगळे नळ आणि आतल्या चाव्या (व्हॉल्व्ह) बंद करायच्या. मीटर असेल तर त्याचा काटा पाहायचा: सगळं बंद असताना तो फिरत असेल तर पाणी मीटरच्या पुढे कुठेतरी निसटतंय. मग एका घराची मुख्य चावी बंद ठेवून दुसऱ्याची उघडायची, पुन्हा उलट करायचं. फक्त आबांची चावी उघडल्यावर काटा फिरला तर गळती आबांच्या भागात, फक्त माझी उघडल्यावर फिरला तर माझ्या भागात, आणि दोन्ही बंद असतानाही फिरत असेल तर फाट्याच्या आधी, सामाईक तुकड्यात. मीटर नसेल तर जुने प्लंबर करतात तसं करा: लोखंडी सळईचं एक टोक जमिनीवर किंवा पाइपावर टेकवा, दुसरं टोक कानाच्या मागच्या हाडाला लावा. गळतीजवळ सूऽऽ असा आवाज स्पष्ट येतो. पहाटे गल्ली शांत असताना हे जास्त चांगलं जमतं.

पाणी नळाचं की गटाराचं हेच कळत नसेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडची ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन दाखवणारं द्रावण, वापरा. पाझरून साठलेल्या पाण्यात ते द्रावण टाकल्यावर पिवळा रंग आला तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पाणी नळाचं. रंग आला नाही म्हणून मात्र नळाचं नाहीच असं ठरवू नका, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन उडून जातं.

गळती लहान आहे म्हणून थांबू नका. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला चार लिटरच्या वर जातं. पाव लिटरचा पेला एका मिनिटात भरेल एवढी बारीक धार असेल तर तासाला पंधरा लिटर. टाकीच्या लाइनवर अशी धार दिवसभर चालली तर तीनशे साठ लिटर होतात. जल जीवन मिशनच्या माणशी पंचावन्न लिटरच्या हिशोबाने ते सहा माणसांचं एका दिवसाचं पाणी. नळाच्या लाइनवर धार फक्त पाणी आल्यावरच वाहते, पण तिथला धोका दुसरा आहे. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्याच चिरेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. कोणी थेट लाइनला मोटर लावली असेल तर ते आणखी जोरात ओढलं जातं. पाइप गटाराच्या कडेने जात असेल तर पुढच्या वेळी पहिलं पाणी गढूळ येतं आणि घरात जुलाब, कावीळ शिरते. घरात लहान मूल असेल तर वर्गणी जमेपर्यंत थांबू नका. चावी बंद करा, पिण्याचं पाणी उकळा आणि शेजाऱ्याला त्याच दिवशी सांगा.

कोणाचा पाइप, कोणाचा खर्च

गावाच्या मोठ्या लाइनला आपल्या नळाची लाइन जिथे जोडलेली असते, तिथे एक पितळी जोड असतो. त्याला फेरुल म्हणतात. मुख्य लाइनची गळती नगरपालिकेची, महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची. फेरुलनंतर घरापर्यंत येणारी लाइन बहुतेक ठिकाणी नळधारकाची मानतात, ती रस्त्याखालून गेलेली असली तरी. पण रस्ता खोदायला परवानगी लागते आणि फेरुलला हात त्यांच्याच माणसाने लावायचा असतो. त्यामुळे रस्त्यावर पाणी दिसलं तर आधी पाणीपुरवठा विभागात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि व्हॉल्व्हमनला जागा दाखवा. अनुभवाचा व्हॉल्व्हमन नजरेने सांगतो की गळती मेनवर आहे की तुमच्या लाइनवर.

फेरुलपासून पुढे मी एकच नियम धरतो. फाट्याच्या आधीचं सगळ्यांचं, फाट्यानंतरचं ज्याचं त्याचं. आणि नेमका फाटाच गळत असेल तर तो सगळ्यांचा. तीन घरं एका ओळीत असतील तर पहिल्या फाट्यापर्यंत तिघांचं, पुढच्या तुकड्यात पहिल्या घराचा संबंध नाही, तो दुसऱ्या आणि तिसऱ्याचा, आणि शेवटचा तुकडा फक्त तिसऱ्याचा. शेवटच्या घरावर बोजा जास्त पडतो हे खरं आहे. पण लांबचं पाणी त्याच्यासाठीच आणलेलं असतं.

खर्च घरटी सारखा वाटायचा की माणसं मोजून? यावर वाद होतोच. माझं मत: दुरुस्ती घरटी सारखी, पाणीपट्टी मात्र वापराप्रमाणे ठरवली तरी चालेल. पाइप घरात माणसं किती आहेत ते बघून गंजत नाही. अपवाद दोन. एका बाजूला खानावळ, गाड्या धुण्याचं दुकान असा धंदा चालत असेल आणि त्यासाठी जाड पाइप टाकलेला असेल, तर त्याने जास्त द्यावं. आणि कोणाच्या कामाने पाइप फुटला असेल, म्हणजे बांधकामाचा टिकाव लागला, वाळूचा ट्रॅक्टर वरून गेला, भिंतीत खिळा ठोकताना पाइपाला लागला, तर खर्च त्याचा. तिथे वाटणी नाही.

कनेक्शन एकाच्या नावावर आणि पाणी दोघांना, हा भावाभावांतला नेहमीचा प्रकार आहे. पालिकेला उत्तर देणारा माणूस नळपट्टीवर ज्याचं नाव आहे तो. थकबाकी राहिली तर नोटीस त्याला येते, कनेक्शन तुटलं तर दोघांचं पाणी बंद. घराचे हिस्से कागदावर झाले असतील तर दुरुस्तीवर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा दुसरं स्वतंत्र कनेक्शन घ्या. आपल्या हिश्शाचा घरपट्टीचा उतारा आणि थकबाकी नसल्याची पावती जोडून अर्ज करायचा. खर्च एकदाच होतो आणि घरातली कटकट संपते.

पाइप तुमचा, अंगण शेजाऱ्याचं

यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. तुमच्या नळाची लाइन शेजाऱ्याच्या अंगणाखालून येते आणि तिथे फुटते. शेजारी म्हणतो, माझी फरशी फोडायची नाही. तुम्ही म्हणता, जमीन तुमची आहे तर दुरुस्ती तुम्हीच करा. दोघांचंही चुकतं.

भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी नेण्यासारख्या हक्कांचा कायदा, त्यात हे जवळजवळ याच शब्दांत लिहिलं आहे. कलम २४ मधलं उदाहरणच पाइपाचं आहे: दुसऱ्याच्या जमिनीतून आपल्या टाकीपर्यंत पाइप नेण्याचा ज्याला हक्क आहे, तो दुरुस्तीसाठी त्या जमिनीत जाऊन खोदू शकतो, मात्र जमीन होती तशी करून द्यायला हवी. कलम २५ प्रमाणे तो हक्क चालू ठेवण्यासाठी लागणारा खर्च हक्क वापरणाऱ्याचा. कलम २६ प्रमाणे त्याने पाइप न दुरुस्त केल्यामुळे जमीनमालकाचं नुकसान झालं तर भरपाईही त्याचीच. आणि कलम २७ प्रमाणे जमीनमालकाने स्वतः काही करून देण्याची सक्ती नाही. म्हणजे त्याने वाट द्यायची आणि तुम्ही पैसे द्यायचे, अंगण पुन्हा नीट करून द्यायचं आणि त्याच्या भिंतीचं नुकसान झालं असेल तर तेही भरायचं.

हक्क मुळात आहे का, हा पहिला प्रश्न. खरेदीखतात, वाटणीपत्रात लिहिलेला असेल तर उत्तमच. नसेल आणि पाइप वीस वर्षं उघडपणे, खंड न पडता, आपला हक्क म्हणून वापरात असेल, तर कलम १५ खाली तो हक्क मिळू शकतो. "बाबांनी तोंडी टाकू दिला होता" ही परवानगी आहे, हक्क नव्हे, आणि परवानगी बहुधा काढून घेता येते. म्हणून असा पाइप असेल तर संबंध गोड आहेत तोवरच निबंधक कार्यालयात नोंदवलेला दस्त करून घ्या. उद्या शेजाऱ्याने घर विकलं तर नवा मालक तुम्हाला ओळखत नसेल.

खोदताना एक गोष्ट सांभाळा. शेजाऱ्याला दोन दिवस आधी सांगा, वेळ त्याच्या सोयीची धरा, फरशी फोडण्याआधी फोटो काढा आणि त्याच रंगाच्या दोन फरश्या आधीच आणून ठेवा. निम्मी भांडणं पाण्यापेक्षा फरशीवरूनच पेटतात.

शेतातली सामाईक पाइपलाइन

रावेर-यावलकडे केळी, इकडे कापूस, कुठेही जा, एका विहिरीवर तीन भावांचे हिस्से आणि एकच पाइपलाइन असते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत विहिरीचा हिस्सा आण्यांत लिहिलेला सापडतो: एकाला आठ आणे, दोघांना चार-चार. मोटर, विहिरीचा गाळ, विहिरीपासून पहिल्या व्हॉल्व्हपर्यंतची लाइन यांचा खर्च आण्यांप्रमाणे वाटा. पुढच्या लाइनला गल्लीतलाच नियम. समजा लाइन सहाशे मीटर आहे आणि दोनशे, चारशे, सहाशे मीटरवर एकेकाचा व्हॉल्व्ह आहे. तीनशे मीटरवर पाइप फुटला तर पहिल्याचा संबंध नाही, दुसरा आणि तिसरा मिळून देतात. पण ज्याच्या नांगराचा फाळ लागला त्याने एकट्याने द्यायचं.

दुसऱ्याच्या शेतातून पाणी न्यायचं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ४९ आहे. त्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो आणि पाइप किमान अर्धा मीटर खोल पुरावा लागतो. माझा सल्ला, त्याहूनही खोल जा. ट्रॅक्टरची खोल नांगरट आणि आमची काळी माती, दोन्ही उथळ पाइपाच्या जिवावर उठतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या ओढाताणीत पाइपाचे जोड सुटतात. घरांखालच्या लाइनही पुष्कळदा याच कारणाने फुटतात, फक्त तिथे भेग दिसत नाही. कोणी मुद्दाम पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावर बसून वाट पाहण्यात हे सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

साक्री-बागलाणकडे पांझरा, मोसम या नद्यांवरच्या फड पद्धतीत शेतकरी बंधाऱ्याचं पाणी पाटाने घेत आणि पाटाची डागडुजी, साफसफाई मिळून करत. पाणी सोडायला सगळ्यांनी नेमलेला पाटकरी असे. सामाईक लाइनवर एकाच माणसाकडे व्हॉल्व्हची चावी आणि एक वही द्यायची ही रीत तिथूनच उचलण्यासारखी आहे.

अपार्टमेंट आणि भाड्याचं घर

जळगाव, धुळ्यात आता फ्लॅट वाढलेत, त्यांचं थोडक्यात सांगतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक पाइप, टाकी, पंप आणि त्यांच्यामुळे होणारी गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करायची. तुमच्या घरातल्या मोरीची, संडासाची, सिंकची गळती तुमची, मग ओल खालच्याच्या छतावर दिसत असली तरी. संस्थेने दुरुस्ती निधी म्हणून दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के गोळा करायचे असतात, ते केलेत का हे सर्वसाधारण सभेत विचारा.

घर भाड्याचं असेल तर पाइप घरमालकाचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर नीट ठेवणं घरमालकाचं काम आहे. त्याने केलं नाही तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षभरात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. पाणी तोडून दबाव आणणं कलम २९ खाली चालत नाही. शेजाऱ्यानेही शेजाऱ्याचं पाणी तोडू नये. गळती थांबवायला चावी बंद केली तर ती कधी उघडणार ते सांगून करा.

बोलणं आणि कागद

जागा सापडली की त्याच दिवशी शेजाऱ्याच्या घरी जा. फोनवर सांगू नका, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको, चारजणांसमोर माणूस अडून बसतो. "तुमचा पाइप फुटला" असं म्हणू नका. "आबा, फाट्याच्या आधी एल्बो गळतोय, चला बघून घेऊ" असं म्हणा. हातात हात घालून खड्ड्यात वाकून बघितलं की बहुतेक माणसं खिशात हात घालतात.

दोन प्लंबरना जागा दाखवून खर्च विचारा आणि तो आकडा शेजाऱ्यासमोरच घ्या. मग साध्या कागदावर चार ओळी. एवढ्याशा कामाला आम्ही स्टॅम्प पेपर घेतला नाही. आमचा कागद साधारण असा होता:

"आम्ही दोघे खाली सह्या करणारे यांच्या घरांना एकाच नळजोडणीतून पाणी येते. फाट्यापूर्वीच्या सामाईक लाइनमधील एल्बो गळत असल्याचे आज दोघांनी पाहिले. दुरुस्ती, सामान, खोदकाम व फरशी बसवणे यांचा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा द्यावा असे ठरले. फाट्यापुढील लाइनची दुरुस्ती ज्याची त्याने करावी. यापुढे फाट्यापूर्वी गळती झाल्यास हाच नियम राहील. तारीख, सह्या, एका साक्षीदाराची सही."

शेवटून दुसरी ओळ विसरू नका. पुढच्या वेळी याच ओळीचा उपयोग होतो. खर्चाच्या पावत्या एकाच्या नावाने घ्या आणि त्यांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. समजा प्लंबरचे बाराशे, सामानाचे नऊशे, खोदाई आणि फरशीचे पंधराशे, एकूण छत्तीसशे झाले, तर अठराशे-अठराशे त्याच संध्याकाळी द्या-घ्या. उधारी ठेवली की ती दिवाळीला फराळाच्या ताटापर्यंत येते.

खड्ड्यातलं काम

दुरुस्ती नळाच्या दिवसानंतर लगेच धरा, म्हणजे पुढच्या पाण्यापर्यंत जोड पक्का व्हायला वेळ मिळतो. खड्डा पाइपाच्या दोन्ही बाजूंनी हातभर मोकळा करा, अरुंद खड्ड्यात प्लंबर घाईत काम उरकतो. आणि फक्त गळणाऱ्या जागी थांबू नका. जुना लोखंडी पाइप एका ठिकाणी गंजला असेल तर दोन हात पुढेही गंजलेलाच असतो. पान्ह्याने हलकेच ठोकून बघा, भुसभुशीत आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तो तुकडाच बदला. आम्ही फाट्यापर्यंतचा सगळा लोखंडी पाइप काढला. तो इतका आतून भरला होता की पाणी जायला जेमतेम बोटभर वाट उरली होती.

एम-सील लावून थांबायचं असेल तर ते फक्त पुढच्या पाण्यापर्यंतचं काम समजा. सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी या प्लास्टिक पाइपांची जोड चिकटवायची सोल्यूशन वेगळी असतात, एकाचं दुसऱ्याला लावू नका. पाइप कोरडा नसेल तर सोल्यूशन धरत नाही, म्हणून लाइनमधलं उरलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या. काळा एचडीपीई पाइप सोल्यूशनने चिकटतच नाही, त्याला कॉम्प्रेशनचा (आवळून बसवायचा) जोड किंवा गरम करून जोडणी लागते. लोखंड आणि प्लास्टिक जिथे भेटतात तिथे पितळी आट्यांचा जोड घ्या, टेफ्लॉन टेप सढळ हाताने गुंडाळा. जमिनीवर उघड्यावर प्लास्टिक पाइप सोडू नका. खान्देशातल्या मे महिन्याच्या उन्हात तो काही वर्षांत ठिसूळ होतो आणि पाय लागला तरी तडकतो.

काम चालू असतानाच फाट्यानंतर दोन्ही बाजूंना एकेक चावी बसवून घ्या, वरून झाकण असलेल्या छोट्या चेंबरमध्ये. पुढे कधी एकाच्या घरी काही झालं तर दुसऱ्याचं पाणी बंद करावं लागणार नाही, आणि गळती कोणाकडे आहे ते पाच मिनिटांत कळेल. खर्च थोडाच वाढतो.

मग सगळ्यात कठीण गोष्ट: खड्डा लगेच बुजवू नका. पुढचा नळ येईपर्यंत वर पाटी ठेवून तो उघडा ठेवा, रात्री कोणाचा पाय जाऊ नये म्हणून कडेला विटा लावा. पाणी पूर्ण दाबाने आलं की जोडांवर कोरडा कागद फिरवा. कागदाला ठिपका आला तर प्लंबर परत बोलवा. कोरडा राहिला तर पाइपाच्या खाली-वर बारीक वाळू टाका, मुरूम दाबा, मगच फरशी. बुजवण्याआधी पाइपावर मोजपट्टी ठेवून फोटो काढा: भिंतीपासून किती अंतरावर, किती खोल.

शेजारी ऐकतच नसेल तर

आधी मध्यस्थ शोधा. गल्लीतले नाना, नात्यातले बापू, ज्यांचं दोन्ही घरं ऐकतात असा एखादा माणूस असतोच. गावात तंटामुक्ती समिती चालू असेल तर तिच्यापुढे विषय ठेवा. तरीही होत नसेल तर पोच मिळेल अशा पद्धतीने पोस्टाने पत्र पाठवा: गळती कुठे आहे, कधी पाहिली, खर्चाचा अंदाज किती, तुमचा वाटा किती, आणि पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी सामाईक भाग दुरुस्त करून तुमचा वाटा मागेन. भाषा साधी ठेवा, रागाचा एकही शब्द नको.

मुदत संपली की तुमच्या हद्दीत असेल तेवढं काम करून घ्या. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम ७० चा आधार इथे घेता येतो: फुकट द्यायच्या हेतूने नव्हे, असं कायदेशीर काम तुम्ही दुसऱ्यासाठी केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला मागता येतो. पैसे दिल्यापासून तीन वर्षांच्या आत मागायला हवेत. शेजाऱ्याच्या हद्दीत मात्र त्याच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुदळ लावू नका, तुमची बाजू कितीही खरी असली तरी.

कोर्टात दावा करण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. दाखलपूर्व प्रकरण म्हणून ते लोकअदालतीत घेता येतं, कोर्ट फी लागत नाही आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच जोर असतो. जाताना भिंतीवरच्या तारखांच्या रेघांचे फोटो, प्लंबरचा लेखी अंदाज, पोस्टाची पोच, पावत्या एवढं घेऊन जा. समोर बसलेला माणूस हे सगळं बघून पुष्कळदा तिथेच सही करतो.

भिंत

पाइप झाला म्हणजे भिंत झाली असं नाही. मातीच्या किंवा जुन्या विटांच्या भिंतीत मुरलेलं पाणी निघायला महिने लागतात. फुगलेलं प्लास्टर खरवडून काढा, पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडा आणि भिंत तशीच उघडी ठेवा. घाईत सिमेंट मारलं तर ओल आत कोंडते आणि खार रंगाला बाहेर ढकलतो. आमची फरशी जूनमध्ये बसली. दिवाळीला भिंत अजून ओलसर होती, म्हणून चुना लावला नाही, पाहुण्यांना तशीच दाखवली. फेब्रुवारीत हात लावला तेव्हा कोरडी लागली. मग आबांनी त्यांच्या बाजूने आणि मी आमच्या बाजूने एकाच दिवशी चुना मारला.